मांजराचं घमेलं कुणी उचलायचं?

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, हा प्रश्न उंदरांच्या सभेत निघाला आणि अनुत्तरितच राहिला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. ज्या घरात मांजर आहे आणि जे घर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आहे, तिथं रोज सकाळी अशीच एक सभा भरते. उंदरांच्या जागी घरातली माणसं असतात आणि घंटेच्या जागी असतं बाल्कनीच्या किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवलेलं, मातीनं भरलेलं एक घमेलं. दुकानदार त्याला ‘लिटर बॉक्स’ म्हणतो, मुलं ‘माऊचा बॉक्स’ म्हणतात; आमच्या घरी पहिल्यापासून ‘घमेलं’ हाच शब्द रूढ आहे, तेव्हा मीही तोच वापरते. तर या सभेत मुलाची बस चुकत असते, मुलीचा क्लास असतो, घरच्या कर्त्या पुरुषाला सकाळी सकाळी तो वास सहन होत नाही आणि आजोबांची कंबर वाकत नाही. मांजर मात्र सगळ्यांचं असतं. शेवटी ठराव एकमतानं संमत होतो आणि अंमलबजावणीसाठी घरातल्या बाईकडे येतो.

रविवारच्या चहाबरोबर वाचायचा हा विषय आहे का, असं कुणी विचारील. पण ज्या घरानं तान्हं मूल वाढवलं आहे, ज्या घरानं अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस शेवटपर्यंत सांभाळलं आहे, त्या घराला शी-शूचं वावडं नसतं. किंबहुना माया म्हणजे काय, हे त्या घराला तिथंच कळलेलं असतं. हल्ली मांजरांचे फोटो सगळीकडे दिसतात. टोपीत बसलेलं मांजर, कपाटावरून टकमक बघणारं मांजर, लॅपटॉपवर पसरलेलं मांजर. ते बघून मुलं हट्ट धरतात आणि एखाद्या संध्याकाळी मुठीएवढं पिल्लू घरी येतं. त्या फोटोंत घमेलं कधीच दिसत नाही. म्हणून आज त्याच्याविषयी लिहायचं.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या लहानपणी मांजर ‘पाळण्याची’ गोष्टच नव्हती. मांजर यायचं. वाड्यात यायचं, चाळीच्या जिन्याखाली वीत जागा बघून विणारी मांजरी तर प्रत्येक चाळीत असायची. दूधपोळी एका बिऱ्हाडात, माशाचं डोकं दुसऱ्या बिऱ्हाडात आणि झोप तिसऱ्याच्या पोत्यावर. बाकीच्या विधींसाठी परस होतं, उकिरडा होता, चुलीतल्या राखेचा ढीग होता, आणि आसपास कुठं बांधकाम निघालं की वाळूचा ढिगारा म्हणजे तर पर्वणीच! मांजर खड्डा उकरायचं, काम उरकायचं, वरून माती सारायचं आणि वळून एकदा हुंगून बघायचं. कुणालाच त्याचं काही उचलावं लागत नसे. गाईच्या शेणाचं सारवण होतं, गोवऱ्या होतात. मांजराच्या विष्ठेचा तसा काही उपयोग नाही. ती मातीत जाणं एवढीच तिची सोय होती.

पुढं वाडे पाडले गेले, चुली गेल्या, परसाचं पार्किंग झालं. मांजर आपल्याबरोबर लिफ्टनं वर आलं. परस खालीच राहिलं. कबुतरांसाठी जाळ्या लागल्या, दारं बंद झाली, जमिनीला गुळगुळीत फरशी आली. आता त्या जिवानं उकरायचं कुठं? घरातल्या कोपऱ्यातलं घमेलं म्हणजे आपण मांजराला देणं लागत असलेलं वीतभर परस आहे. ही भाषा ज्याला पटेल त्यालाच पुढचं सगळं पटेल.

मांजराचं हे उकरणं-झाकणं त्याला कुणी शिकवलेलं नाही. घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या रुक्ष मुलखातलं रानमांजर. माणूस धान्य साठवू लागला, त्यावर उंदीर आले आणि उंदरांमागोमाग सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हे रानमांजर वस्तीला आलं. कमी पाण्यात जगायची सवय असल्यामुळं त्याची मूत्रपिंडं लघवी अतिशय दाट करून सोडतात. म्हणूनच मांजराच्या लघवीला इतका उग्र दर्प असतो. ऑपरेशन न केलेल्या बोक्याचा तर विचारूच नका. आपला माग दुसऱ्या जनावराला लागू नये म्हणून झाकून ठेवण्याची खोडही त्याच्या रक्तातच आहे. त्यामुळं महिना-दीड महिन्याचं पिल्लू मातीच्या घमेल्यात नेऊन सोडलं, की दोन-चार दिवसांत त्याला सगळं उमगतं. कुत्र्याला शिकवावं लागतं, मुलाला तर वर्षभर शिकवावं लागतं. मांजराला फक्त जागा दाखवावी लागते. स्वच्छतेचं अर्ध काम ते स्वतःच करतं. आपल्या वाट्याला उरलेलं अर्धंच येतं, आणि सगळी रडकथा त्या अर्ध्याची आहे.

या घमेल्यातल्या मातीचा इतिहासही गमतीचा आहे. १९४७ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅसोपोलिस नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या एका बाईंच्या अंगणातली वाळू थंडीनं गोठली. मांजरासाठी म्हणून त्यांनी राख वापरली, तर घरभर काळी पावलं उमटू लागली. त्या शेजारच्या एड लोव यांच्याकडे वाळू मागायला गेल्या. लोव यांचा धंदा भुसा आणि कारखान्यांत सांडलेलं तेल शोषून घेणारी माती विकण्याचा. त्यांनी वाळूऐवजी त्या मातीचीच पिशवी दिली. बाई खूश झाल्या, पुन्हा आल्या, मैत्रिणींना सांगितलं. लोव यांनी पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, त्यांवर ‘किटी लिटर’ असं लिहिलं आणि दुकानात नेऊन ठेवल्या. वाळू मातीमोल मिळत असताना या मातीला ६५ सेंट कोण देणार, अशी दुकानदाराला शंका होती. तेव्हा फुकट वाटा, असं लोव यांनी सांगितलं. पुढं त्याचा अवाढव्य धंदा झाला. ती माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीचीच बहीण! आपल्या आज्या जिनं केस धूत, तीच जात. १९८० च्या दशकात बेंटोनाइट नावाची माती या कामासाठी बाजारात आली. पाणी लागताच ती फुगते आणि घट्ट गोळा बनते. तो गोळा तेवढा झाऱ्यानं उचलून टाकता येतो. ही बेंटोनाइट माती आपल्याकडे कच्छमध्ये आणि राजस्थानात मुबलक निघते.

म्हणजे माती मिळाली, पिशवी मिळाली, झारा मिळाला. उचलणारा हात मात्र दुकानात मिळत नाही.

गेली अकरा वर्षं आमच्या पुण्यातल्या घरी दोन मांजरं आहेत. चिंगी आणि बाळ्या. त्यांच्या निमित्तानं जे वाचलं, जनावरांच्या डॉक्टरांकडून जे ऐकलं आणि रोज बसून जे पाहिलं, त्यातून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. पहिली म्हणजे, जितकी मांजरं तितकी घमेली आणि वर एक. दोन मांजरांना तीन. जागा नसेल तर निदान दोन तरी हवीतच, आणि तीही घराच्या दोन टोकांना. एकाशेजारी एक ठेवलेली दोन घमेली मांजराच्या हिशेबी एकच. त्यांच्या वाटेवर दांडगं मांजर ठाण मांडून बसलं की भित्र्याची दोन्हीकडून अडवणूक. दुसरी गोष्ट मापाची. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी असेल, तिच्या दीडपट तरी घमेलं लांब हवं. दुकानात मिळणारी नाजूक रंगीत खोकी पुष्कळदा लहान पडतात. भांड्यांच्या दुकानातला रुंद, उथळ टब त्याहून सरस. माती दोन-तीन इंच जाड असावी. सुवासिक माती आपल्या नाकासाठी असते, मांजराला तो वास छळतो. झाकणाच्या खोक्याचंही तेच: वास आपल्यापासून झाकला जातो आणि आत कोंडला जातो. सार्वजनिक मुतारीत शिरताना आपली जी अवस्था होते, ती मांजराची रोज होते.

घमेल्याची जागा जेवणाच्या ताटलीपासून दूर हवी, वर्दळीपासून बाजूला हवी, पण अडगळीत नको. कपडे धुण्याचं यंत्र अचानक घरघरायला लागतं अशा ठिकाणी तर मुळीच नको. माती परवडत नाही म्हणून लाकडाचा भुसा किंवा साधी चाळलेली वाळू वापरणारे लोकही माझ्या माहितीत आहेत. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ती लवकर लवकर बदलावी लागते. खर्चापेक्षा नेम महत्त्वाचा. सकाळ-संध्याकाळ झाऱ्यानं उचलणं, आणि माती दर दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण टाकून घमेलं साबण आणि गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवणं. आपल्याकडे स्वच्छता म्हटली की हात फिनेलच्या बाटलीकडे जातो. मांजराच्या घरात तो आवरायला हवा. फिनेलसारखी द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि मांजर तर पाय चाटून स्वच्छ करणारा प्राणी! पांढऱ्या क्लोरीनच्या पाण्याचंही तसंच. लघवीतल्या अमोनियाशी ते मिसळलं, की निघणारा वायू माणसालाही घातक.

या सगळ्याला वेळ किती लागतो? दिवसाकाठी दहा मिनिटं धरा. वर्षाचे साठ तास झाले. घरात राहणारं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. म्हणजे नऊशे तास. पिल्लू घरी आणताना हा नऊशे तासांचा करार आपण करत असतो. त्यावर सही कुणाची, एवढाच माझा प्रश्न आहे.

हे काम कुणावर तरी ढकलून देण्यासारखं का नाही, याचं एक कारण सांगते. घमेलं म्हणजे मांजराची नाडी आहे. मांजर दुखणं लपवतं. रानात आजारी दिसणं म्हणजे मरणाला आमंत्रण, त्याची ती आठवण अजून गेलेली नाही. पण घमेल्यात लपवालपवी चालत नाही. शी पातळ आहे का कडक, गोळे किती, लहान का मोठे, हे रोज उचलणाऱ्याच्या नजरेला आपोआप कळतं. गोळे मोठे आणि जास्त होऊ लागले तर म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडं किंवा साखर तपासायला हवी. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आमच्या घमेल्यात बाळ्याच्या वाट्याचा एकही गोळा दिसला नाही. तो मात्र पुन्हा पुन्हा जाऊन बसत होता, कुंथत होता, बारीक आवाज काढत होता. बद्धकोष्ठ वाटावं असंच ते दृश्य. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते; तिच्यात खडा किंवा चिकट बोळा अडकला तर लघवी तुंबते, विष अंगात भिनतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्या रात्रीच आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी घालून वाट मोकळी केली, दोन दिवस सलाइनवर ठेवलं. बाळ्या वाचला. डॉक्टरांनी विचारलं, “लक्षात कसं आलं?” त्याला उत्तर एकच होतं. त्या आठवड्यात संध्याकाळचं घमेलं माझ्याकडे होतं आणि आदल्या दिवशीचे गोळे मला ठाऊक होते.

मांजर घमेल्याबाहेर घाण करू लागलं, की “आता सूड उगवतेय” असं आपण म्हणतो. सूड ही माणसांची रीत. मांजराच्या दृष्टीनं तो अर्ज असतो. घमेलं घाण आहे, ही नवी माती पायाला टोचते, इथं बसलं की ते यंत्र धडधडतं, किंवा लघवी करताना दुखतं आणि हे दुखणं या घमेल्यामुळंच होतं असं मला वाटतं. माझ्या ओळखीच्या एका घरी मांजरी रोज पायपुसण्यावर बसू लागली. घरात चिडचिड, चापट्या, “सोडून या तिला” इथपर्यंत मजल गेली. शेवटी डॉक्टरांनी तपासलं तर मूत्राशयाला सूज. औषध झालं, मऊ मातीचं दुसरं घमेलं आलं आणि पायपुसणं पुन्हा पायांसाठी मोकळं झालं. अर्ज वाचला गेला, एवढंच. बोका उभ्यानं भिंतीवर फवारे मारत असेल तर तो मात्र निराळा प्रकार. तिथं पुष्कळदा ऑपरेशन हाच उपाय.

आता जी गोष्ट मला मनापासून लिहायची आहे तिच्याकडे येते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबात सहा वर्षांची मांजरी होती. सून माहेराहून तिला घेऊन आली होती. सुनेला दिवस गेले आणि घरात कुजबुज सुरू झाली. मांजरामुळं पोटातल्या बाळाला रोग होतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. दोन महिने वाद चालला. मग एका दुपारी, सून तपासणीला गेलेली असताना, मांजरीला पोत्यात घालून मंडईजवळ सोडून देण्यात आलं. सहा वर्षं फरशीवर वाढलेलं ते जनावर मंडईच्या कुत्र्यांत किती दिवस टिकलं असेल, हे मला विचारू नका.

त्या भीतीत खरं किती? टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. गरोदरपणी त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला गंभीर इजा होऊ शकते, हे खरं आहे. त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून पडतात, हेही खरं. पण मांजर ती बहुधा पहिल्या लागणीनंतरचे काही आठवडेच टाकतं. घरातच राहणाऱ्या, शिकार न करणाऱ्या, शिजवलेलं किंवा तयार अन्न खाणाऱ्या मांजराला मुळात ही लागण होण्याचा संभव थोडा. माणसांना ती अर्धकच्चं मटण, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतूनही होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, विष्ठेतली ती अंडी पडल्या पडल्या अपाय करत नाहीत. त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजेच घमेलं रोज साफ होत असेल तर धोका पिकायच्या आतच घराबाहेर जातो. म्हणून गरोदर बाईला जो सल्ला दिला जातो तो साधा आहे: घमेल्याला तुम्ही हात लावू नका, ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोज उचलावं. दुसरं कुणी नसलंच तर हातमोजे घालून करावं आणि हात साबणानं धुवावेत. मांजर टाकून द्यावं, असं त्यात कुठं येत नाही.

आता हिशेब मांडून बघा. त्या घरात सुनेशिवाय तीन धडधाकट मोठी माणसं होती. सासरे निवृत्त, नवरा तिशीतला, दीर कॉलेजात. नऊ महिने रोज दहा मिनिटं, तीही तिघांत वाटून. एवढं झालं असतं तर मांजरी घरात राहिली असती. रोगाची भीती खरी होती, पण तिच्या आड एक दुसरी गोष्ट होती: घमेलं हे सुनेचं काम, ती करणार नसेल तर मग ते कामच घरात नको. पुरुषाच्या हातात झारा देण्यापेक्षा जनावर पोत्यात घालणं त्या घराला सोपं वाटलं. मला राग येतो तो या सोपेपणाचा.

कुणी म्हणेल, बाई, घरोघरी असं नसतं. नसतं हे मान्य. पण जिथं घरातलं कुणीच उचलत नाही, तिथं ते काम कुठं जातं तेही बघा. ते भांडी घासायला येणाऱ्या मावशींकडे जातं. “जाता जाता तेवढं मांजराचं बघा हो!” या ‘तेवढं’ला ना पगार, ना विचारणं. विष्ठा उचलण्याचं काम आपल्या समाजानं शतकानुशतकं काही जातींच्या माथी मारलं, त्यांनाच पुन्हा त्यासाठी हिणवलं, आणि माणसाची विष्ठा माणसानं वाहू नये यासाठी १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे करावे लागले. आपल्याच मुलखात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्यालाही करू द्यावं म्हणून उपोषण मांडलं होतं. त्या मोठ्या प्रश्नापुढं मांजराचं घमेलं म्हणजे किस झाडकी पत्ती, हे मला कळतं. पण सवय तीच आहे: घाण आपली आणि हात दुसऱ्याचा. मावशींना हे काम सांगायचंच असेल तर सरळ विचारावं, वेगळे पैसे ठरवावेत, आणि त्या नाही म्हणाल्या तर तो नकार कपाळाला आठी न घालता घ्यावा.

आणि उचललेलं जातं कुठं? पुष्कळ घरांत ते संडासात ओतलं जातं. बेंटोनाइट पाण्यानं फुगते हे वर आलंच आहे. इमारतीच्या नळात ती फुगली की खालच्या मजल्यावरचे लोक प्लंबरला शोधत फिरतात. शिवाय ती परजीवीची अंडी सांडपाण्याबरोबर वाहत जातात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची समुद्री पाणमांजरं या परजीवीनं मेल्याचं शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. कुठलं मांजर आणि कुठली पाणमांजरं! काही लोक ते ओल्या कचऱ्यात टाकतात, म्हणजे ते खताच्या खड्ड्यात आणि तिथून कुणाच्या तरी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात. काही सुक्यात टाकतात, आणि तो सुका कचरा पुढं कुणीतरी हातानं निवडत असतं.

आमच्या पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली. पुढं त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या बायका घरोघर कचरा घ्यायला येऊ लागल्या. दारात बादली घेऊन येणारी ती बाई कचरा डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखते. तिच्या बोटांना आपल्या माऊची शी लागावी, असं आपल्यापैकी कुणालाच वाटत नसेल. वाटत नाही म्हणूनच तिकडं लक्ष जात नाही. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी लहान मुलांची लंगोटी, पॅड यांसारख्या वस्तू नीट गुंडाळून द्यायला सांगितलं. मांजराच्या गोळ्यांना तोच न्याय लावावा. जुन्या वर्तमानपत्रात (ही पुरवणी वाचून झाल्यावर तीही चालेल!) घट्ट पुडी बांधावी, वेगळी ठेवावी आणि देताना तोंडानं सांगावं, “ताई, यात मांजराची घाण आहे.” कागद दोन पानं जातो, वाक्य एक जातं.

मांजर पाळू नये, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कुणी काढू नये. उलट, घरात मांजर असावं, असंच मी म्हणेन. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर येऊन बसणारं, परीक्षेच्या रात्री मुलीच्या वहीवर लोळणारं, कुणाच्याही हुकमात नसलेलं असं दुसरं जनावर नाही. मुलांनाही त्यापासून शिकायला मिळतं. पण काय शिकायला मिळतं ते आपल्यावर अवलंबून आहे. मांजर आपलं आणि घाण आईची, हे शिकलेला मुलगा उद्या संसारही तसाच करील. दहा-बारा वर्षांच्या मुलाला झारा धरता येतो, पुडी बांधता येते आणि नंतर साबणानं हात धुता येतात. त्याला ते घाणेरडं वाटलं तर वाटू द्यावं. थोड्या दिवसांनी त्यालाच घमेल्याकडे बघून “आज चिंगीचं पोट बिघडलंय” असं म्हणता येईल, आणि ते त्याच्या प्रगतिपुस्तकातल्या एखाद्या शेऱ्याइतकंच मोलाचं असेल.

तेव्हा पुढच्या वेळी मुलं पिल्लू आणूया म्हणून मागं लागली, की नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. सगळ्यांना एकत्र बसवा. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात, त्याच चौकोनात घमेल्याची पाळीही लिहिलेली असते. अक्षर ज्याचं त्याचं. तसं तुमच्याही कॅलेंडरवर पहिल्या महिन्याचे तीस चौकोन आधी भरून घ्या. सगळी नावं एकाच माणसाची निघाली, तर त्या माणसाला विचारल्याशिवाय पिल्लू आणू नका. दोन-तीन वेगवेगळी नावं निघाली, तर मात्र खुशाल जा आणि येताना मातीची पिशवीही घेऊन या.